क्यूट चेस: इंजिनांच्या मॅचेससाठी एकदम चोख टूल, पण टेबलमधला निकाल तुमच्या मशीनचाही असतो

बुद्धिबळाची इंजिनं, म्हणजे स्वतः बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम, एकमेकांशी लढवायची असतील तर क्यूट चेस हे मोफत आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आजही माझी पहिली पसंती आहे. रिव्ह्यू लिहायला घेतला त्याचं कारण मात्र वेगळंय, ते वापरून काढलेली जी टेबलं जिकडेतिकडे फिरत असतात ती बघून खरंच वाईट वाटतं. सॉफ्टवेअर आपलं काम चोख करतं, डाव लावतं, घड्याळ सांभाळतं, चाल नियमात बसते का बघतं, शेवटी टेबल काढून देतं, आणि मग माणूस ते टेबल टाकून सांगतो की हे इंजिन त्याच्यापेक्षा ३० एलो पॉइंटने (एलो म्हणजे ताकद मोजायचं रेटिंग) भारी. अहो पण कुठल्या मशीनवर, किती थ्रेड (एकावेळी चालणारे हिशोबाचे धागे), हॅश (शोधलेलं लक्षात ठेवायची मेमरी) किती, वेळ किती, ओपनिंग (डावाच्या ठरलेल्या सुरुवाती) कुठल्या? हे सांगितलंच नाही तर त्या ३० चं करायचं काय? इंजिनाची ताकद म्हणून वेगळी अशी गोष्ट टेबलमध्ये येतच नाही, इंजिन, मशीन आणि सेटिंग या तिघांचा मिळून तो आकडा असतो.

आधी सॉफ्टवेअरबद्दल पटकन सांगतो. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं, यूसीआय आणि एक्सबोर्ड दोन्ही प्रोटोकॉलची (इंजिनाशी बोलायच्या पद्धतींची) इंजिनं घेतं, राउंड रॉबिन (सगळे सगळ्यांशी), गॉन्टलेट (एक बाकी सगळ्यांशी), नॉकआउट सगळं लावता येतं. दोन रूपांत मिळतं, एक पट आणि घड्याळं दिसणारं ग्राफिकल आणि दुसरं नुसतं कमांड लाइनवालं. पट बघत बसायला पहिलं मस्त आहे, पण निकालावर भरवसा ठेवायचा असेल तर कमांड लाइनच वापरा, कारण स्क्रीनवर पट, बाण, ग्राफ काढायलाही प्रोसेसर लागतो आणि एकावेळी बरेच डाव चालू असले की तो वेळ इंजिनांच्या तोंडचा जातो. शिवाय कमांडची ओळ जशीच्या तशी जपून ठेवता येते, सहा महिन्यांनी तीच मॅच परत लावायची तर तीच ओळ चिकटवायची, काम झालं.

आता मुख्य मुद्दा. क्यूट चेसमध्ये कन्करन्सी नावाचं सेटिंग आहे, म्हणजे एकावेळी किती डाव चालवायचे. डिफॉल्ट एकच डाव असतो, आणि तिथून पुढे तुम्ही जो आकडा द्याल तो ते निमूटपणे घेतं. तुमच्याकडे ८ खरे कोअर (प्रोसेसरमधली हिशोबाची स्वतंत्र केंद्रं) आहेत, विंडोज १६ दाखवतंय, तुम्ही १६ दिले, तरी ते हूं की चूं करत नाही, आणि इथेच निम्मी टेबलं बिघडतात. हायपरथ्रेडिंगमुळे दिसणारे १६ हे १६ कोअर नसतात, एका कोअरची साधनं दोघांनी वाटून घेतलेली असतात, म्हणजे तुमच्या इंजिनाला मिळणारा वेग शेजारच्या डावात त्या क्षणी काय चाललंय यावर अवलंबून राहतो. बरेच डाव खेळवले की हा त्रास दोन्ही बाजूंना सारखाच होतो असं म्हणतात आणि ते थोडंफार खरंही आहे, पण दोन इंजिनं वेगळ्या घडणीची असतील, एकाचा सगळा भार न्यूरल नेटच्या गुणाकारांवर आणि दुसऱ्याचा साध्या सर्चवर, तर शेजाऱ्याचा त्रास दोघांना सारखा होईलच असं नाही. शिवाय तुम्ही कागदावर १० सेकंद अधिक ०.१ (डावाला १० सेकंद आणि दर चालीला ०.१ सेकंदाची भर, म्हणजे इन्क्रिमेंट) लिहिलंय पण प्रत्यक्षात इंजिनाला त्यापेक्षा बऱ्याच कमी वेळेचं काम करता येतंय, म्हणजे मॅचच वेगळी झाली. माझा नियम साधा आहे, खरे कोअर जितके त्यातून एखाद-दुसरा ऑपरेटिंग सिस्टिमला आणि खुद्द क्यूट चेसला सोडायचा आणि उरलेल्यांइतकेच डाव लावायचे. आणि हे एका थ्रेडच्या इंजिनांसाठी बरं का, प्रत्येक इंजिनाला ४ थ्रेड दिले असतील तर कन्करन्सी त्या हिशोबाने चारने भागायची. पॉन्डर चालू असेल, म्हणजे समोरच्याच्या वेळेतही इंजिन विचार करणार असेल, तर तेच दुप्पट मोजायचं कारण एका डावात दोन्ही इंजिनं एकदम पळत असतात. एकाच मशीनवर पॉन्डर बंदच ठेवा, त्यातून मिळत काही नाही आणि गोंधळ मात्र भरपूर.

नव्या प्रोसेसरमध्ये अजून एक भानगड आलीय जिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. इंटेलच्या १२व्या जनरेशनपासून बऱ्याच चिपमध्ये दोन प्रकारचे कोअर असतात, वेगवान आणि वीज वाचवणारे. कुठला डाव कुठल्या कोअरवर टाकायचा हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते, तिला तुमच्या टूर्नामेंटशी काही देणंघेणं नाही. एक डाव वेगवान कोअरवर, दुसरा मंद कोअरवर, आणि मधेच एखादं इंजिन इकडून तिकडे सरकवलेलं, अशी मॅच चालते आणि टेबलमध्ये याचा मागमूसही दिसत नाही. क्यूट चेसमध्ये कोअर बांधून द्यायची सोय नाही ही मला खरी उणीव वाटते. उपाय आहे, क्यूट चेस सुरू करतानाच लिनक्सवर टास्कसेट कमांडने किंवा विंडोजवर स्टार्ट कमांडच्या ॲफिनिटी ऑप्शनने त्याला फक्त वेगवान कोअर द्यायचे, त्यातून निघालेली इंजिनं ती मर्यादा आपोआप घेतात. पण हे ज्याला माहितीये तोच करणार ना.

आणि उष्णता! लॅपटॉपवर रात्रभर मॅच लावणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की नुसता अंतिम स्कोअर बघू नका. प्रोसेसर सुरुवातीला टर्बोमध्ये पळतो, तापला की क्लॉक खाली आणतो, एक कोअर चालू असताना मिळणारा वेग सगळे कोअर भरल्यावर मिळत नाही, बॅटरीवर तर अजूनच खाली. म्हणजे पहिले डाव एका मशीनवर आणि नंतरचे जणू दुसऱ्याच मशीनवर खेळले गेले. याचा माग काढायला क्यूट चेसची एक गोष्ट मला फार आवडते, ते पीजीएन फाइलमध्ये (डावांची नोंद असलेली फाइल) प्रत्येक चालीपुढे इव्हॅल्युएशन (पोझिशनचा स्कोअर), डेप्थ (किती चाली पुढचं बघितलं) आणि घेतलेला वेळ लिहून ठेवतं. सुरुवातीच्या डावांतली आणि शेवटच्या डावांतली मधल्या खेळातली डेप्थ शेजारी ठेवून बघा, तेवढ्याच वेळेत डेप्थ सरसकट खाली आली असेल तर इंजिन थकलेलं नाही, मशीन तापलंय.

इंजिनाची कुठली फाइल डाउनलोड केली हेही हार्डवेअरइतकंच महत्त्वाचं. स्टॉकफिश या प्रसिद्ध मोफत इंजिनाच्या एकाच आवृत्तीच्या वेगवेगळ्या बिल्ड (तयार फाइल) मिळतात, जुन्या प्रोसेसरवरही चालणारी साधी, एव्हीएक्स२ वाली, बीएमआय२ वाली, एव्हीएक्स५१२ वाली, ही सगळी प्रोसेसरच्या खास इन्स्ट्रक्शन्सच्या संचांची नावं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये स्टॉकफिश १२ सोबत एनएनयूई म्हणजे प्रोसेसरवरच पळणारं छोटं न्यूरल नेट आलं, आणि तेव्हापासून हा फरक अजूनच वाढला, कारण त्या नेटचे हिशोब या रुंद इन्स्ट्रक्शन्सवरच पटापट होतात. सुसंगत म्हणून साधी बिल्ड घेतली आणि समोरच्या इंजिनाची मात्र एव्हीएक्स२ वाली, की तुम्ही एका खेळाडूचं घड्याळच कापलंत. उलटंही होतं, एएमडीच्या पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या झेन चिपवर बीएमआय२ ची बिल्ड चालते पण त्यातली पेक्स्ट ही इन्स्ट्रक्शन तिथे फार हळू, म्हणून त्या चिपवर एव्हीएक्स२ चीच बिल्ड घ्यावी लागते, झेन ३ पासून तो प्रश्न मिटला. मॅच लावायच्या आधी प्रत्येक बिल्डला बेंच कमांड देऊन सेकंदाला किती नोड (तपासलेल्या पोझिशन) निघतात ते बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, हे आकडे एकाच इंजिनाच्या दोन बिल्डमध्येच ताडून बघायचे, दोन वेगळ्या इंजिनांचे नोड एकमेकांशी तोलून उपयोग नाही कारण प्रत्येकाची नोड मोजायची पद्धतच वेगळी असते.

हॅशबद्दल. स्टॉकफिशचा डिफॉल्ट हॅश १६ एमबी आणि थ्रेड १. झटपट डावांना एका थ्रेडवर १६ एमबी पुरतो, फिशटेस्टवर म्हणजे स्टॉकफिशच्या स्वतःच्या टेस्टिंगच्या व्यवस्थेतसुद्धा १० अधिक ०.१ च्या डावांना तेवढाच देतात आणि ६० अधिक ०.६ ला ६४. पण तुम्ही ८ थ्रेड देऊन तासाभराचे डाव लावणार आणि हॅश १६ वरच ठेवणार तर इंजिन शोधलेलं सगळं विसरत विसरत खेळणार. उलट टोकाचे लोकही आहेत, एका झटपट डावाला ८ जीबी हॅश, वर असे दहा डाव एकदम, रॅम संपून मशीन डिस्कवर घासायला लागतं आणि मग सगळेच वेळ संपून हरतात. क्यूट चेसमध्ये ईच म्हणून एक सोय आहे, तिथे एकदा लिहिलं की हॅश, थ्रेड, वेळ सगळ्यांना सारखं लागू होतं, आणि कुणाला वेगळं हवं तर त्या इंजिनापुरतं लिहायचं. फार सोयीचं आहे. इंजिनात त्या नावाचा ऑप्शन खरंच आहे ना हे मात्र तुम्हीच बघायचं, नुसतं सगळ्यांना सारखं लिहिलं म्हणजे सगळ्यांना सारखं मिळालं असं गृहीत धरू नका.

थ्रेडचं अजून एक. एका थ्रेडवर ठरावीक नोड देऊन खेळवलं तर स्टॉकफिश दर वेळी तीच चाल देतं, पण थ्रेड वाढवले की तेच इंजिन त्याच पोझिशनमध्ये वेगळी चाल देऊ शकतं, कारण सगळे थ्रेड एकच हॅश वाटून घेतात आणि कोण कधी काय लिहून जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे एखादाच डाव दाखवून बघा माझ्याकडे याने त्याला हरवलं असं म्हणण्यात काही राम नाही.

वेळेच्या सेटिंगवर मी सगळ्यात जास्त बोलेन कारण इथे नुसत्या एका आकड्याने निकालाची दिशा बदलते. वेग दुप्पट केला किंवा वेळ दुप्पट दिला की झटपट डावांत साधारण ५० ते ७० एलो वाढतात असा जुना ठोकताळा आहे, आणि वेळ जसजशी लांबवाल तसतसा तो फायदा कमी होत जातो. आता विचार करा, दोन इंजिनांमधला खरा फरक १५ एलोचा आहे आणि चुकीच्या बिल्डमुळे एकाचा वेग पाऊणपट झालाय, तर टेबलमध्ये तुम्हाला काय दिसणार? खरा फरक पुसला जाऊन कदाचित उलटाच दिसेल. आणि फायदा लांब वेळेत कमी होतो म्हणजे क्रमसुद्धा बदलू शकतो, एखादं इंजिन झटपटमध्ये वाघ असतं आणि लांब डावांत मागे पडतं. म्हणूनच रेटिंग लिस्टवाले आपली वेळ एका ठरलेल्या मशीनला बांधून ठेवतात. सीसीआरएल या इंजिनांची रेटिंग काढणाऱ्या गटाची ४० चालींना १५ मिनिटांची लिस्ट इंटेलच्या आय७-४७७०के या चिपच्या हिशोबाने आहे, टेस्ट करणाऱ्याचं मशीन त्याहून वेगवान असेल तर तो त्या प्रमाणात वेळ कमी करतो. फिशटेस्टही हेच करतं, मदतीला आलेल्या प्रत्येक मशीनचा वेग आधी मोजतं आणि घड्याळ त्यानुसार लहानमोठं करतं. घरी दोन कॉम्प्युटरवर अर्धी अर्धी मॅच लावणाऱ्यांनी एवढं तरी करायलाच हवं.

वेळेची पद्धतसुद्धा तटस्थ नसते हे सांगायला इतिहासातलं एकच उदाहरण पुरे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अल्फाझीरोने (गूगलच्या डीपमाइंडचा न्यूरल नेटवाला प्रोग्रॅम) स्टॉकफिश ८ ला १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबऱ्या आणि एकही हार नाही असं हरवलं तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली. पण सेटिंग काय होतं? दर चालीला ठरावीक एक मिनिट, स्टॉकफिशला ६४ थ्रेड आणि हॅश फक्त १ जीबी. इंजिन लिहिणाऱ्यांनी कुठे जास्त विचार करायचा आणि कुठे पटकन चाल द्यायची यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतलेली, ती दर चालीला एक मिनिट या अटीने वायाच गेली, आणि ६४ थ्रेडना १ जीबी हॅश म्हणजे तर उपासमार. टीका झाली आणि ती योग्यच होती. मग २०१८ च्या शेवटी सविस्तर पेपर आला त्यात परत मॅच, या वेळी ३ तास अधिक चालीला १५ सेकंद, स्टॉकफिशला ४४ कोअर, ३२ जीबी हॅश आणि एंडगेम टेबलबेस (थोड्या सोंगट्या उरल्यावरची तयार उत्तरं). १००० डावांत अल्फाझीरो १५५ जिंकला आणि ६ हरला, बाकी बरोबरी. म्हणजे अल्फाझीरो श्रेष्ठ होतंच, पण आधी शून्य पराभव होते ते आता सहा झाले आणि जिंकण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून साधारण साडेपंधरा टक्क्यांवर आलं. दोन्हीकडे स्टॉकफिशची आवृत्ती आणि बाकीही काही गोष्टी सारख्या नव्हत्या हे मान्य, तरी दुसऱ्या मॅचवर जितका विश्वास बसतो तितका पहिलीवर बसत नाही, आणि विश्वासातला तो फरक मुख्यतः सेटिंगचा आहे. क्यूट चेसमध्ये दर चालीला ठरावीक वेळ देणारा एसटी हा ऑप्शन आहे, पोझिशन तपासायला वापरा हवं तर, ताकद मोजायला नको. टीसी (पूर्ण डावाचं घड्याळ) वापरा, इन्क्रिमेंट देऊन.

आणि इन्क्रिमेंट द्याच. इन्क्रिमेंटशिवाय झटपट डाव लावले की शेवटी इंजिनाची ताकद मोजली जात नाही, पाइपमधून चाल पोचायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजलं जातं. स्टॉकफिशमध्ये मूव्ह ओव्हरहेड नावाचं सेटिंग आहे, डिफॉल्ट १० मिलिसेकंद, भरलेल्या मशीनवर ते कमी पडू शकतं. क्यूट चेसकडूनही टाइममार्जिन म्हणून थोडी सूट देता येते. मॅच संपली की पीजीएनमधला टर्मिनेशनचा टॅग शोधून बघायचा, टाइम फॉरफिट (वेळ संपून हार) किती आहेत, अबॅन्डन्ड (मधेच सुटलेले) किती आहेत. हे डाव इंजिन पटावर हरलेलं नसतं. एखाददुसरा असेल तर सोडून द्या, पण एकाच इंजिनाचे ढीगभर असतील तर त्या टेबलला हात लावू नका, आधी कारण शोधा.

ग्राफिक्स कार्डवाली इंजिनं आली की हा सगळा प्रश्न अजून अवघड होतो. लीला म्हणजे एलसीझीरो जीपीयूवर पळतं, स्टॉकफिश प्रोसेसरवर, मग समान हार्डवेअर म्हणजे काय हो? किंमत समान, वीज समान की आणखी काही? यातून लीला रेशो नावाचा हिशोब निघाला. अल्फाझीरो सेकंदाला ८० हजार पोझिशन बघायचा आणि स्टॉकफिश ७ कोटी, म्हणजे ८७५ पट, हे प्रमाण १ धरायचं आणि तुमच्या मशीनवर दोघांचं प्रमाण किती येतं ते काढायचं. हा काही निसर्गनियम नाही, त्या दिवशीच्या हार्डवेअरवर घेतलेला एक दाखला आहे, आणि नेट लहानमोठं झालं की तोही सरकतो. पण निदान सांगता तरी येतं की माझ्याकडे कार्ड तगडं होतं की प्रोसेसर. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेच्या १५व्या सीझनमध्ये २०१९ साली लीलाने स्टॉकफिशला ५३.५ विरुद्ध ४६.५ असं हरवलं आणि २०२० मध्ये १७व्या सीझनमध्ये ५२.५ विरुद्ध ४७.५ असं. १०० डावांत एवढ्याशा फरकाने. मला त्या विजयांचं मनापासून कौतुक आहे, पण तिथे प्रोसेसर थोडा मोठा किंवा कार्ड थोडं लहान असतं तर काय झालं असतं हा प्रश्न विचारायलाच हवा. एकाच मशीनवर लीलाचे चार डाव एकदम लावणाऱ्यांनी तर थांबाच, चारही डाव एकच कार्ड वाटून घेतात आणि स्टॉकफिशला मात्र आपापले कोअर मिळतात.

हा वाद काही आजचा नाही. १९९७ चा डीप ब्लू म्हणजे ४८० खास बुद्धिबळाच्या चिप लावलेलं यंत्र, तिथे प्रोग्रॅम आणि हार्डवेअर वेगळं काढताच येत नाही. पुढे कॉम्प्युटरच्या जागतिक स्पर्धेत जो तो जमेल तेवढं मोठं मशीन घेऊन यायला लागला, २००९ ला पँप्लोनात ८ कोअरची मर्यादा घातली गेली, ती टिकली नाही, आणि २०१० पासून सगळ्यांना एकाच प्रकारच्या मशीनवर खेळवणारी वेगळी सॉफ्टवेअर स्पर्धा सुरू केली. मला हा तोडगा योग्य वाटतो. मशीनसकट कोण भारी ही एक स्पर्धा, आणि त्याच मशीनवर कुणाचा कोड भारी ही दुसरी, दोन्हींचे निकाल एका टेबलमध्ये घालू नयेत.

ओपनिंगकडे वळू. सुरुवातीच्या पोझिशनपासून दोन तगडी इंजिनं सोडली तर जवळपास सगळे डाव ड्रॉ होतात आणि वरून तेच तेच डाव. म्हणून ओपनिंगची फाइल द्यायची, क्रम रँडम ठेवायचा आणि प्रत्येक ओपनिंग दोनदा, रंग बदलून. क्यूट चेसमध्ये यासाठी रिपीट चालू करावं लागतं, ते आपोआप होत नाही, आणि माझ्या मते ते डिफॉल्टच असायला हवं होतं. रिपीट न लावता एकांगी ओपनिंग दिल्या तर कुणाच्या वाट्याला चांगली बाजू जास्त वेळा आली यावरच निकाल ठरेल. टीसीईसीतही सुपरफायनलला प्रत्येक ओपनिंग दोन्ही बाजूंनी खेळवतात. हल्ली यूएचओ प्रकारची बुकं (ओपनिंगच्या फाइल) वापरतात, मुद्दाम पांढऱ्याला चांगलं देणारी, जेणेकरून ड्रॉ कमी होतात आणि थोड्या डावांत फरक दिसतो. मस्त कल्पना आहे, पण अशा बुकवर निघालेला एलोचा फरक संतुलित बुकवरच्या फरकापेक्षा फुगलेला दिसतो, तेव्हा बुकचं नाव टेबलसोबत द्या.

डाव लवकर थांबवायची सोय पण आहे, एखादं इंजिन सलग अमुक चाली अमुक स्कोअरने मागे असेल तर रिझाइन, तसंच ड्रॉला. वेळ भरपूर वाचतो. पण प्रत्येक इंजिनाचा स्कोअर वेगळ्या मापाचा असतो. स्टॉकफिश १५.१ पासून त्यांनी माप असं बसवलंय की +१.०० म्हणजे जिंकायची शक्यता ५० टक्के, दुसऱ्या इंजिनाचं +१.०० तसंच असेल याची खात्री काय? एक इंजिन उगाच घाबरट आकडे देत असेल तर ते वाचणारा डावही सोडून देईल. रिझाइनमध्ये टू-सायडेड हा ऑप्शन चालू केला की दोन्ही इंजिनांचं एकमत लागतं, तो चालू ठेवा आणि आकडा जरा मोठा द्या. टेबलबेस देणार असाल तर सिझिजी या प्रकारच्या टेबलबेसच्या ५ सोंगट्यांपर्यंतच्या फाइल १ जीबीच्या आसपास बसतात, ६ च्या सुमारे १५० जीबी, त्या एसएसडीवरच ठेवा, फिरत्या डिस्कवरून वाचत बसलं तर इंजिनाचा वेग ढासळतो.

आता डाव किती, यावर लोक सगळ्यात जास्त घाई करतात. सोपा हिशोब आहे, निम्मे डाव ड्रॉ होत असतील आणि दोघं साधारण बरोबरीचे असतील तर १०० डावांत ९५ टक्के खात्रीची चूक ±४८ एलोच्या घरात येते, १००० डावांत ±१५, आणि १०,००० डावांत ±५. म्हणजे १०० डाव खेळवून २० एलोचा फरक सापडला म्हणणं म्हणजे काहीच न सापडणं. क्यूट चेस स्कोअरसोबत हा ± छापतं, बिचारं दर वेळी सांगत असतं, वाचणारेच तेवढा भाग गाळून टाकतात. एसपीआरटी पण आहे, म्हणजे आधी ठरवायचं की कुठला फरक शोधतोय आणि पुरावा पुरेसा झाला की मॅच आपोआप थांबते. पुढे आहे तोवर स्वतः बंद करून टाकणं याला टेस्ट म्हणत नाहीत.

कुठलीही मोठी मॅच लावायच्या आधी तेच इंजिन दोन नावांनी, अगदी त्याच सेटिंगवर, स्वतःशीच खेळवून बघा. स्कोअर ± च्या आत ५० टक्क्यांवर यायला हवा. येत नसेल तर बिघाड मशीनमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे, आणि तो सापडेपर्यंत दुसरं काही लावू नका.

उणिवा सांगायच्या तर कोअर बांधता येत नाहीत हे वर आलंच. दुसरं म्हणजे ± काढताना ते प्रत्येक डाव सुटा धरतं, पण रंग बदलून खेळलेले दोन डाव ही खरं तर एक जोडी असते, जोडीने हिशोब केला की एकांगी ओपनिंगवर चूक बरीच आकसते आणि कमी डावांत उत्तर मिळतं. फिशटेस्ट असाच जोडीचा हिशोब करतं. या दोन्ही गोष्टी हव्या असतील तर फास्टचेस बघा, तेही मोफत आहे, कमांड बऱ्याचशा क्यूट चेससारख्याच, आणि फिशटेस्टने आता तेच घेतलंय. हजारो झटपट डाव लावणाऱ्याने सरळ तिकडे जावं. मी लांब वेळेचे डाव, एक्सबोर्डची जुनी इंजिनं आणि पट बघत बसायची मॅच यासाठी क्यूट चेसवरच आहे, पाचपैकी चार स्टार. आणि टेबल टाकताना खाली एवढं लिहा: प्रोसेसर आणि कार्ड कुठलं, एकावेळी किती डाव, इंजिनाची बिल्ड, थ्रेड, हॅश, वेळ, बुक, टेबलबेस, डाव थांबवायच्या अटी आणि ±.